संगणक म्हातारा झाला, की डिस्क?



‘लॅपटॉप सुरू व्हायला तीन-तीन मिनिटं घेतो, नवा घ्यावा का?’ मुलं अकरावी-बारावीत जायच्या तोंडावर हा प्रश्न घरोघरी निघतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह) बसवून बघा.

लॅपटॉप अडला की टास्क मॅनेजर उघडा. अशा वेळी पुष्कळदा प्रोसेसर दहा-पंधरा टक्केच कामात असतो आणि डिस्कपुढे 100 टक्के दिसतात. प्रोसेसर दमलेला नाही, तो माहितीची वाट बघतोय. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं टोक घेऊन एक दांडी तिच्यावरून मागेपुढे सरकते. आयबीएमने 1956 साली रॅमॅक यंत्रात ही रचना आणली, तेव्हा 24 इंची पन्नास तबकड्यांवर साधारण 50 लाख अक्षरं मावत. साठवण पुढे लाखो पटींनी वाढली, पण दांडीचं सरकणं काही सुटलं नाही.

लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला 5,400 फेरे घेते, म्हणजे एक फेरा 11 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर दांडी सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे असे सेकंदाला साठेकच वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो लागतात. सहा हजार धरले, तर शंभर सेकंद निव्वळ या धावपळीत गेले!

एसएसडीत हलणारं काहीच नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओका आणि सहकाऱ्यांनी 1987 साली मांडलेल्या नँड फ्लॅशमध्ये विद्युतभार सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवतात. तुकडा कुठेही असो, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हाती येतो. तेच सहा हजार तुकडे सेकंदाच्या आत! जाहिरातीतला सेकंदाला 550 मेगाबाइटचा आकडा मोठ्या फायलींचा आहे. रोजचं काम हलकं होतं ते या बारीक तुकड्यांमुळे.

खरेदीआधी मॉडेल तपासा. अडीच इंची साटा डिस्कच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसते. एम-टू पट्टी घ्यायची असेल तर स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा, हे पाहा. दोन्ही दिसायला सारख्याच. काही पातळ लॅपटॉपांत साठवण मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, तिथे हा उपाय नाही.

आणि लॅपटॉप उघडण्याआधी बॅकअप घ्या. यावर मी अडून बसतो, कारण जुनी डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन करताना एक चुकीचा ड्राइव्ह निवडला की घरातले सगळे फोटो पुसले जाऊ शकतात. एसएसडी आल्यावरही बॅकअप सुटत नाही. ती बिघडते तेव्हा अनेकदा आधी काही सूचनाही देत नाही, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळवणं फार अवघड असतं.

निघालेली जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून या बॅकअपसाठी वापरा. तिथे वेगाची घाई नसते. मात्र तिच्यातून टकटक ऐकू येत असेल, तर तिच्यावर काहीही ठेवू नका.