नोटरीचा शिक्का आणि जमिनीचा कागद

डहाणू-तलासरीकडे स्टॅम्पपेपरवर जमिनीचा करार लिहून त्यावर नोटरीचा शिक्का घेतला, की विक्री पक्की झाली असे अनेकजण धरून चालतात. ती होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. शिक्का यांपैकी कशाचीच जागा घेत नाही.

मग नोटरी करतो काय? 1952 च्या नोटरी कायद्याखाली तो सही करणाऱ्याची ओळख पटवतो, दस्त साक्षांकित करतो आणि नोंदवहीत त्याची नोंद ठेवतो. ‘मालकी तपासणे माझे काम नाही’ हे त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण माणूस समोर नसताना, आधीच सही झालेल्या कागदावर शिक्का उमटवला, तर ही सबब चालत नाही. चौकशीत व्यावसायिक गैरवर्तन ठरल्यास शासन त्याचे नाव नोटरींच्या यादीतून काढू शकते. कोणी म्हणेल, याच कायद्याचे कलम 13 त्याला वाचवते. ते अर्धेच खरे. शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याखेरीज न्यायालय गुन्ह्याची दखल घेत नाही, एवढेच ते कलम सांगते. गुन्हा माफ करत नाही. फसलेल्या शेतकऱ्याला मात्र ही वाट लांबची पडते, हे मान्य करायला हवे. म्हणून तक्रारीत शिक्क्यावरचे नाव, तारीख आणि नोंदवहीचा अनुक्रमांक जरूर लिहावा.