न्यूयॉर्क ते लंडन: अंतर तेच, मग वेळ वेगळा का?

आजचा भाग छोटा आहे, पण तिकीट काढण्याआधी ऐकाच.

न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो. मध्ये अटलांटिक महासागर. अंतर साधारण 5,550 किलोमीटर. आता वेळापत्रक बघा: न्यूयॉर्कहून लंडनला सुमारे 7 तास, पण लंडनहून न्यूयॉर्कला सुमारे 8. अंतर तेच, मग हा एक तास जातो कुठे?

उत्तर आहे वारा. साधारण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला म्हणतात जेट स्ट्रीम. एअरपोर्टवरचा सरकता पट्टा आठवा. त्याच्या दिशेनं चाललात तर झपाझप पुढे जाता, उलट चाललात तर नुसती दमछाक! विमानाचंही तसंच.

समजा विमान ताशी 900 किलोमीटरनं उडतंय आणि वारा आहे 150 चा. लंडनकडे जाताना वेग झाला 1,050. म्हणजे सुमारे 5 तास 20 मिनिटं. परत येताना वेग उरला 750. म्हणजे 7 तास 25 मिनिटं. टॅक्सिंग, चढणं-उतरणं वेगळंच. आणि गंमत बघा, वाऱ्याचा फायदा-तोटा सारखा होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन 12 तास 20 मिनिटं लागली असती, इथे 12 तास 45 झाली. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी वारा इतका जोरात होता, की ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत हीथ्रोला पोचलं. म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग रोज नव्याने आखतात. पूर्वेकडे जाताना वारा पकडायचा, पश्चिमेकडे येताना तो टाळायचा. त्यासाठी थोडा वळसा पडला तरी चालतो.

अजून एक घोळ घड्याळाचा. लंडन न्यूयॉर्कच्या बहुतेक वर्षभर 5 तास पुढे असतं. संध्याकाळी 7 ला निघालात, सकाळी 7 ला उतरलात, तर प्रवास 12 तासांचा नाही, 7 तासांचा झाला. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

आता कामाचं. मुंबईहून लंडनमार्गे अमेरिकेला निघालेल्यांनो, अंतर भागिले वेग करून वेळ काढू नका, वेळापत्रकातला वेळ धरा. नेहमीचा वारा त्यात आधीच धरलेला असतो, पण हिवाळ्यात तो कधीकधी त्याहून जोरात असतो. न्यूयॉर्कहून पुढचं विमान असेल, तर मध्ये मोकळा वेळ ठेवा. इमिग्रेशनची रांगही तिथेच असते. आणि जमलं तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पुढचं विमान चुकलं, तर भुर्दंड बहुतेक वेळा तुमच्याच खिशाला.

तुमच्या पुढच्या प्रवासाचं वेळापत्रक उघडा आणि जायचा-यायचा वेळ ताडून बघा. किती फरक निघाला, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!