साठीनंतरचा आपला मेंदू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



सकाळपासून इथे एकच खेळ चालला आहे. समोरचा विचारतो, "ओळखलं का?" आपण नुसतं हसतो, नाव काही ओठांवर येत नाही. मग चहा पिता पिता एकदम आठवतं. तिघांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर, हे अल्झायमर तर नाही ना?" उशिरा का होईना, नाव आठवलं ना? मग ते वय आहे, आजार नाही.

वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो. पेशींमधले जोड कमी होतात, बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, निरोप हळू पोचतो. आपल्या भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांत गाळ साचतो, तरी पाटाला पाणी सुटतं, तसंच हे. अल्झायमरमध्ये मात्र पाटच फुटत जातात.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई आली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला तपासत. १९०६ साली ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर एका पदार्थाचे थर होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. त्या थरातल्या प्रथिनाला आज अमायलॉइड म्हणतात, गुंत्यातल्याला टाऊ. टाऊचं खरं काम पेशीच्या आतले वाहतुकीचे रूळ धरून ठेवण्याचं. ते सुटलं, की पेशीला पोसणारा मालच पोचत नाही आणि पेशी मरते. हे सारं लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे ज्याला ऐंशीच्या घरात त्रास होणार, त्याच्या मेंदूत आज, आपल्या वयातच, सुरुवात झालेली असू शकते.

पहिला घाव बहुधा कानशिलाच्या आतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर बसतो. नवी आठवण नोंदवणारा कारकून तो. जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र पसरलेल्या असतात, त्या बराच काळ टिकतात. म्हणून एखादी आजी रोवणीची गाणी कडव्यांसकट म्हणते, पण सकाळी जेवली हे तिला ठाऊक नसतं.

चुलबंदच्या काठच्या एका गावातली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. सासू दारोदार सांगत फिरायची, "सुनेनं मले जेवाले देल्लं नाही." गावाने ते खरं मानलं. सुनेने हळदीकुंकवाला जाणंही सोडलं. आधी अंगारे-धुपारे झाले, दीड वर्षाने ते माझ्याकडे आले. म्हातारी खोटं बोलत नव्हती. जेवल्याची नोंदच तिच्या मेंदूत होत नव्हती, आणि पोट भरल्याची जाणीवही बिघडली होती. हे मी मुलांना समजावून सांगितलं, तेव्हा ती सून माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडली. सासूचा आजार मी बरा करू शकलो नाही. सुनेवरचा आळ तेवढा उतरला.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण मला मुळीच आवडत नाही. तिच्यापायी माणसं तपासायलाच आणत नाहीत. विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. बी-१२ची कमतरता असते, थायरॉईड असतो, पडल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त असतं, कधी नैराश्य असतं. यांवर उपचार आहेत. आणि आजार अल्झायमरच निघाला, तर डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडं बरं वाटतं. अलीकडची महागडी इंजेक्शनं अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आजाराची गती थोडी कमी करतात, आजार थांबवत नाहीत. जाहिरातींतल्या स्मरणशक्तीच्या बाटल्यांबद्दल मी बोलतच नाही, त्यापेक्षा ते पैसे तुरीच्या डाळीवर खर्च करा.

शिकलेल्यांना हा आजार होत नाही, असंही नाही. 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित आठवा. मात्र कमी शिक्षण हे धोका वाढवणारं एक कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला, आणि प्रमाण बायकांत व खेड्यांत जास्त होतं. आपल्या आयांना शाळा किती मिळाली, ते तुम्हाला माहीत आहे.

'लॅन्सेट'च्या २०२४च्या आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब. सगळी काही मी वाचून दाखवत नाही. रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांबद्दल तुम्ही बायकोकडून रोज ऐकताच. मला बोलायचं आहे कानांबद्दल. चष्मा आपण सहज लावतो, पण कानाचं यंत्र म्हटलं की लाज वाटते. ऐकू येईनासं झालं, की माणूस पारावर जाणं सोडतो, बोलणं सोडतो, आणि मेंदूला खुराक मिळेनासा होतो. आज मागच्या रांगेत बसून नुसती मान डोलावणारे दोघं-तिघं मला इथून दिसताहेत.

बाजूच्या वर्गात मी बीपीचं यंत्र घेऊन बसतो आहे. जेवणाआधी या. आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी, त्याला सांभाळणाऱ्या बाईलाही सोबत आणा, तिचंही बीपी पाहायचं आहे.