बनारस, केंब्रिज, पुणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



‘विद्यापीठीय संशोधक आणि शासनाचे विज्ञानधोरण’ असा भारदस्त विषय आपण मला दिला आहे. घरोघरी मात्र तो निराळ्या शब्दांत निघतो : मुलगी हुशार आहे, पदार्थविज्ञानात संशोधन करीन म्हणते, पण पुढे काय? या प्रश्नाचा विचार मी नारळीकर पितापुत्रांच्या आधाराने करणार आहे. आपल्याप्रमाणेच ते घरही महाराष्ट्राबाहेर नांदलेले.

विष्णु वासुदेव नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजचे रँग्लर होऊन ते १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि ऐन तारुण्यात गणित विभागाचे प्रमुख झाले. सापेक्षतावादावर काम करणारी माणसे तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही गुजरातेतून प्र. चु. वैद्य त्यांच्यापाशी काम करावयाचे म्हणून बनारसला येऊन राहिले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राची त्यांनी काढलेली उकल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आज जगभर वैद्यांच्याच नावाने ओळखली जाते. यासाठी लागले काय? फळा, खडू, नियतकालिके आणि वेळ देणारा गुरू. वर्गात शिकवणारा मनुष्यच नवे गणितही मांडीत होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. संशोधनाचा पैसा राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या संस्थांकडे वळला. अणुशक्ती आणि अवकाश यांसाठी ते आवश्यकही असेल. परंतु विद्यार्थी राहिले विद्यापीठांत आणि उपकरणे गेली कुंपणापलीकडे. आपल्या विज्ञानधोरणात सर्वांत महाग पडलेली गोष्ट हीच, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या ज्ञानाची निर्मिती ज्याने कधी पाहिली नाही, अशा विद्यार्थ्याला संशोधनाची ओढ लागावी कशी?

जयंतरावांनी ही दोन्ही जगे पाहिली. १९५७ मध्ये बनारसची पदवी, मग केंब्रिज, फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, आणि १९७२ मध्ये मायदेशी परतून मुंबईची टाटा संस्था. तेथे राहून उरलेले आयुष्य सुखाने संशोधनात घालविता आले असते. पण प्रा. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना, १९८८ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ची स्थापना झाली आणि जयंतराव तिचे संस्थापक-संचालक झाले. कल्पना साधी होती. लहान गावातील प्राध्यापकाला मोठे ग्रंथालय, संगणक, दुर्बिणीवरील वेळ मिळावा. त्याने येथे येऊन काम करावे आणि परत आपल्या विद्यार्थ्यांत जावे. प्रत्येक विद्यापीठाला वेधशाळा परवडत नाही. सर्वांनी मिळून एक वापरता येते. संचालकपदाची जबाबदारी त्यांनी २००३ पर्यंत सांभाळली.

डॉ. वसंत गोवारीकरांची वाट उलटी. ते प्रथम अग्निबाणांच्या इंधनाचे संशोधक, नंतर केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव, आणि १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मोसमी पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रतिमान त्यांच्याच सचिवपदाच्या काळातले. शासनाच्या खुर्चीत बसूनही वैज्ञानिक राहता येते, याचे हे उदाहरण. मात्र ते सर्वांना साधत नाही, हेही खरे.

आणि शासनाशी मतभेद झाला तर? २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले. ज्या आयोगाने आयुका उभारली, त्याच आयोगाच्या या निर्णयाला जयंतरावांनी उघड विरोध केला. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी चाचणीच घेतली. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन, बुद्धिमान मूल कोणते आणि मतिमंद कोणते, एवढेच ओळखावयास सांगितले. सरासरी यश सुमारे ४६ टक्के! नाणे उडविणाऱ्यालाही एवढे साधले असते.

आता त्या मुलीच्या आईवडिलांना सांगतो. पदवीनंतर आणखी आठदहा वर्षे धरून चाला; कायमची नेमणूक तिशी उलटल्यावर मिळाली तरी उशीर मानू नका, आणि वर्गमैत्रिणींच्या पगाराची चर्चा जेवताना काढू नका. विद्यापीठ निवडताना इमारत पाहू नका. तेथील अध्यापक स्वतः काही संशोधन करतात काय, हे विचारा. मूल लहान असेल तर त्याला प्रश्न विचारू द्या. २० मे २०२५ रोजी जयंतराव गेले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली माझी सहीही असेल.