एक चूल, पाच माणसे

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा संक्षेप)



संयोजकांनी मला 'ग्रामीण कर्जबाजारीपणाचे अर्थकारण' हा विषय दिला होता. तीस वर्षे तो वर्गात शिकविला असल्याने त्यावर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु आपल्यापैकी अनेकजण आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातात हे कळल्यावर मी विषय बदलून मागितला. कर्जाविषयी आपणांस पुष्कळ ठाऊक आहे; कुटुंबाबरोबर काम कसे करावे, याबाबत मात्र माझ्यासकट आपणां सर्वांचे शिक्षण कच्चे राहिले आहे.

अर्थशास्त्र 'कुटुंब' हा शब्द फार निर्धास्तपणे वापरते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या लेखी एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचे अन्न खाणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. मोजणीसाठी व्याख्या उत्तम आहे. पण मोजणी झाली की त्या घराला एकच उत्पन्न, एकच कर्ज आणि जणू एकच मन आहे, असे आपण धरून चालतो. एकूण खर्चाला माणसांच्या संख्येने भागून दरडोई आकडा काढतो. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरले, हे त्या भागाकारात दिसत नाही. घरात सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी नांदत असतात, हे अमर्त्य सेन यांनी १९९०च्या सुमारास मांडले. ते मी विद्यार्थ्यांना समजावून सांगितले होते. मला स्वतःला ते समजले यवतमाळ जिल्ह्यातील एका ओसरीवर, २००७ साली.

विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जुलै २००६ मध्ये जाहीर झाले होते. त्याआधी त्याच वर्षी राज्य शासनाने मृत शेतकऱ्याच्या वारसांस एक लाख रुपये देण्याचे निकष ठरविले होते: कुटुंबाच्या नावे शेतजमीन, मान्यताप्राप्त संस्थेचे वा नोंदणीकृत सावकाराचे कर्ज, आणि वसुलीचा तगादा. या निकषांवर प्रकरण 'पात्र' वा 'अपात्र' ठरे. आम्ही दोन तरुण कार्यकर्त्यांसह एका घरी गेलो. मृत्यूला पाचवा दिवस. मी प्रश्नावली काढली. ओसरीवर सासरे बसले होते, सून दाराआड. सासऱ्यांनी सोसायटीचे कर्ज साठ हजार सांगितले, मी ते लिहून घेतले आणि आकडा मिळाल्याचे समाधान घेऊन उठलो.

पंधरा दिवसांनी आमची एक शिक्षिका कार्यकर्ती तेथे गेली. तिने वही काढली नाही. सुनेबरोबर विहिरीपर्यंत गेली. तेव्हा कळले की मंगळसूत्र गहाण होते, कृषी केंद्राची उधारी होती, आणि माहेरच्या भावाकडून घेतलेले पंचवीस हजार सासऱ्यांना ठाऊकच नव्हते. माझा आकडा खरा होता, पण तो एका माणसाचा होता. त्या चुलीवर पाच माणसे जेवत. प्रत्येकाचे कर्ज निराळे, आणि लाजही निराळी.

यानंतर आमच्याकडून जी चूक झाली, ती विस्ताराने सांगतो. जमीन सासऱ्यांच्या नावे. कायद्याने ते हयात असेतो त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीवर सुनेचा हक्क नाही. तरुण रक्त खवळले. आमच्या दोघांनी चावडीसमोर, चार लोकांदेखत, म्हाताऱ्याला सुनेच्या नावे जमीन करून देण्याविषयी खडसावले. मागणी न्याय्यच होती. त्या रात्री घरात काय झाले असेल, याचा विचार आम्ही केला नाही. पुढच्या खेपेस ती बाई मला म्हणाली, "काकाजी, तुमी त चालले जासान. मले याच घरात रायाचं हाय."

समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, हे आपल्या चळवळीने पुरतेपणी कधी मानले नाही. मुंबईत नागपाड्याला १९३६ साली त्याचे पहिले विद्यालय निघाले; आम्ही त्या कामाला 'मलमपट्टी' म्हणून हिणवीत राहिलो. व्यवस्था बदलल्यावर घरे आपोआप बदलतील, ही आमची श्रद्धा! पण पहिल्या भेटीत काय विचारू नये, घरातील प्रत्येकाशी स्वतंत्रपणे कसे बोलावे, एकाने विश्वासाने सांगितलेले दुसऱ्यापुढे का उघड करू नये, न पाळता येणारे वचन का देऊ नये, या गोष्टी त्या लोकांनी शिस्तीने शिकविल्या. मोर्चाच्या अनुभवातून त्या येत नाहीत.

याचा अर्थ घर कसेही करून टिकवावे, असा कोणी घेऊ नये. बाईला मारहाण होत असेल तर समेटाची भाषा हा अपराध आहे; तेथे २००५च्या कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्या संमतीने गेलेच पाहिजे. तिची संमती, आपला आवेश नव्हे.

त्या घरी आम्ही पुढे दोन वर्षे जात राहिलो. तोवर सासूशी कोणी बोललेच नव्हते. मुलगा तिचाही गेला होता, आणि आमच्या लेखी ती केवळ 'सुनेला छळणारी' होती. ती बोलू लागली तेव्हा घरातील पुष्कळ गाठी सैल झाल्या. चौदा वर्षांचा नातू शाळा सोडून औतामागे लागला होता. त्याला परत शाळेत घालण्याचा आग्रह अखेर तिनेच धरला, आम्ही नाही. सरकारी मदतीचा अर्ज पात्र ठरला. त्या एक लाखापैकी बरीचशी रक्कम मुदत ठेवीत होती, आणि उरलेल्यात प्रथम माहेरच्या भावाचे पैसे फेडले गेले. अर्थशास्त्री म्हणून मी तो क्रम लावला नसता.

२००९च्या उन्हाळ्यात सासरे आपणहून तलाठ्याकडे गेले. सुनेच्या नावे दीड एकर केले. विहिरीकडचे नव्हे, नाल्यापलीकडचे, मुरमाड. आमचे तरुण मित्र पुन्हा चिडले. या वेळी मात्र ते चावडीवर जाण्याआधी तिला विचारायला गेले. तिने सातबाऱ्याचा उतारा डब्यातून काढून दाखविला आणि म्हणाली, यंदा तिथे तूर पेरून पाहते.