खाली गेलेली नजर

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या सोहळ्यात शाळेच्या गौरवाचे पुष्कळ बोलले गेले. मी मात्र आज एका चुकीची कबुली देणार आहे.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात सहलीच्या वर्गणीतील दोनशे रुपये हरवले. विचारपूस करताना पाचवीतील एक मुलगा अडखळला. नजर खाली, तळहात घामेजलेले, वाक्य अर्धवट. "खरे बोलणाऱ्याला अडखळावे लागत नाही," असे मी साऱ्या वर्गासमोर म्हटले. चार दिवसांनी ते पैसे माझ्याच हजेरीपटाच्या खाकी वेष्टनात सापडले. गल्लीत हिंदीच बोलणारा तो मुलगा मराठी शब्द शोधत होता. मला वाटले, सबब शोधतो आहे. मी वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तरीही वर्षभर त्याने आपणहून हात वर केला नाही.

चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते, हा आपणा सर्वांचाच भ्रम आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये चोवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या अशा निर्णयांचा एकत्रित आढावा घेतला. शंभरांपैकी सरासरी चौपन्न निर्णय बरोबर ठरले. नाणे उडवले असते, तरी पन्नास बरोबर आलेच असते! भित्रा माणूस खरे सांगतानाही कापतो, आणि सराईत माणूस डोळ्याला डोळा भिडवून फसवतो.

मग पाहावे काय? प्रथम, काय वगळले आहे ते पाहावे. धर्मराजाच्या मुखातून 'अश्वत्थामा मारला गेला' हे ऐकून द्रोणाचार्य खचले. मेला होता तो त्या नावाचा हत्ती. शब्द खरे होते. ऐकणाऱ्याच्या मनात उतरलेला अर्थ तेवढा खोटा होता. नित्य व्यवहारातील असत्य बहुधा याच वाटेने येते.

दुसरे, समोरचा आपल्याला पडताळणीस वेळ देतो का, ते पाहावे. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणाऱ्या ठगांचा गणवेश अस्सल दिसतो, भाषा रुबाबदार असते. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. त्यांची खूण त्यांच्या मागणीत असते: आत्ताच करा, कुणाला सांगू नका, पैसे पाठवा. अशा वेळी फोन ठेवावा, घरात सांगावे आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

पालकांना एक विनंती. मुलावर संशय आला, तर "खोटे बोलतोस ना?" असे दरडावू नका. "काय झाले, पहिल्यापासून सांग," असे म्हणा, मध्येच न तोडता ऐका आणि पडताळता येईल तेवढे शांतपणे पडताळा. ज्या घरात खऱ्याला मार आणि खोट्याला सुटका मिळते, तिथे मूल काय शिकेल, हे मी सांगायला नको.

तो विद्यार्थी आता चाळिशीच्या आसपास असेल. तो या सभागृहात आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी तो खरे बोलत होता, ही नोंद शाळेच्या साठ वर्षांच्या या स्मरणिकेत असावी, एवढीच माझी इच्छा आहे.