प्रकाशाची यंत्रे आणि कामगाराचा बिल्ला



शास्त्राच्या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु यंत्र शोधतो शास्त्रज्ञ आणि त्याच्यापाशी दिवसभर उभा राहतो कामगार. त्या यंत्रापासून अंगाला काय बाधते हे जाणण्याचा कामगाराला हक्क आहे, असे आम्ही मानतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. एडिसनच्या कर्मशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा मदतनीस होता. किरणांची नळी तपासताना तो आपलेच हात पुढे धरी. हात कापावे लागले आणि १९०४ साली तो वारला. किरण दिसत नाहीत, भाजल्याची जाणीव तेव्हाच होत नाही, हा धडा त्याने आपल्या देहाने दिला.

आजचे यंत्र निराळे आहे. प्रबळ लेसरचा झोत वायूवर एकवटला, की वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यांत लाट उठते, आणि काही इलेक्ट्रॉन त्या लाटेवर स्वार होऊन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. ही कल्पना ताजिमा व डॉसन यांनी १९७९ साली मांडली. २०१९ साली अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेने अवघ्या २० सेंटिमीटरांत इलेक्ट्रॉनांना सुमारे ८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिल्याचे जाहीर केले. जुन्या पद्धतीला याकरिता शेकडो मीटर लांबीचे यंत्र लागते. आपल्याकडेही इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रबळ लेसरांवर काम झालेले आहे.

यंत्र लहान झाले म्हणजे धोका लहान झाला, असे मात्र नव्हे. हे इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की भेदक क्ष-किरण निघतात. ऊर्जा सुमारे १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे गेली की न्यूट्रॉनही निघतात. लेसरचा चष्मा डोळे वाचवतो, अंग वाचवीत नाही. क्ष-किरणांना शिसे आणि काँक्रीट आडवे घालावे लागते. न्यूट्रॉनांना काँक्रीट, पाणी किंवा मेणासारखा पदार्थ. लेसर थांबला की हा मारा थांबतो, हे खरे. पण मार खाल्लेले धातूचे भाग पुढे काही काळ स्वतःच किरण सोडू शकतात. म्हणून दार उघडताच आत धावू नये. आधी मोजणी, मग प्रवेश.

आता मोजणीचीच गंमत पाहा. हा झोत कित्येकदा जेमतेम ३० ते ४० फेम्टोसेकंद टिकतो. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. किरणही तसेच क्षणार्धात येऊन जातात. गायगर नळीचे मोजयंत्र कण एकेक करून मोजते. गिरणीच्या दारावर हजार माणसे एकाच पावलात आत शिरली आणि टाइमकीपरने एकच नाव लिहिले, तशी त्याची अवस्था होते. यंत्राचा काटा शांत असतो आणि माणूस किरणांत उभा असतो! याकरिता झोत कितीही आखूड असला तरी सर्व मात्रा साठवून ठेवणारा टी.एल.डी. बिल्ला आणि अशा झोतांसाठी पारखलेली मोजयंत्रेच हवीत.

कोणी म्हणेल, या प्रयोगशाळांत झोत थोडे, मात्रा थोडी. एवढा बाऊ कशाला? बर्कलेचे यंत्र सेकंदाला एक झोत सोडते. पण शास्त्रज्ञांचा प्रयत्न सेकंदाला हजार झोतांचा आहे. भिंती तशाच राहिल्या आणि झोत हजारपट झाले, तर मात्राही हजारपट होईल. हा हिशेब यंत्र बसवण्यापूर्वी मांडायचा असतो.

१९९१ साली फ्रान्समध्ये फोर्बाख येथे जुन्या पद्धतीच्या एका त्वरकात तीन कामगार माल बाहेर पडण्याच्या वाटेने शिरले. इलेक्ट्रॉन सोडणारी तार बंद होती, पण विद्युत्दाब चालू होता. तेवढ्यानेही किरण निघत राहिले आणि तिघे भाजले. 'यंत्र बंद आहे' या समजुतीवर कोणाचा जीव टांगता ठेवू नये. कोठडीत कोणी नाही हे हिंडून पाहिल्याखेरीज झोत सुटता कामा नये, आणि कोणतेही दार उघडताच तो आपोआप तुटला पाहिजे. माणूस विसरतो; कुलूप विसरता कामा नये.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांत काम करणाऱ्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा घातली आहे. कागदावर नियम उत्तम आहे. परंतु ज्याला बिल्लाच नाही त्याला तो लागू कसा पडावा? शास्त्रज्ञाच्या खिशाला बिल्ला असतो. पंप दुरुस्त करणारा, फरशी पुसणारा, कंत्राटदाराने तीन दिवसांसाठी आणलेला वायरमन, यांचे काय? बिल्ला नाही म्हणून त्याची मात्रा शून्य नसते. ती कोणी लिहिलेली नसते, इतकेच.

म्हणून मागणी साधी आहे. मोजणीच्या हद्दीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, बिल्ला मिळावा. त्याचा आकडा त्याच्या हाती, त्याच्या भाषेत पडावा आणि कंत्राटदार बदलला तरी तो त्याच्या नावाने पुढे चालावा. आणि धोका दिसताच लाल बटण दाबणाऱ्यास, मागाहून धोका नव्हता असे ठरले तरी, जाब विचारला जाऊ नये.

विज्ञानाला कामगाराचा विरोध नाही. या यंत्रांतून उद्या कर्करोगावरचे उपचार निघावेत अशी शास्त्रज्ञांची आशा आहे, तशी आमचीही आहे. ते उपचार गरिबाच्या घरापर्यंत पोहोचावेत, आणि ते घडवणारा माणूस धडधाकट राहावा, एवढेच आमचे मागणे.